भाताच्या बांधावर उत्तरेकडचे पाहुणे

गणपती उठले, पावसाचा जोर ओसरला, हळव्या भाताच्या लोंब्या वाकू लागल्या की एखाद्या सकाळी तुमच्या अंगणात किंवा विहिरीच्या कठड्याजवळ एक बारकेसे पाखरू तुरुतुरु चालताना दिसते. पाठ करडी, पोट पिवळसर, शेपूट अंगापेक्षा लांब. दोन पावले चालायचे, थांबायचे, शेपूट वरखाली हलवायची, एखादा चिलटासारखा किडा टिपायचा आणि पुन्हा चालू लागायचे. जून-जुलैत हे पाखरू इथे नव्हते. आज अचानक, जणू कालही इथेच होते अशा थाटात, ते आपल्या कोंबड्यांमध्ये फिरत असते.

आपण त्याला धोबी म्हणतो, कोणी परीट म्हणते. दगडावर कपडे आपटणाऱ्या माणसाचे हात वरखाली व्हावेत तशी त्याची शेपूट होते, म्हणून हे नाव पडले. नदीच्या धोंड्यांवर बारमाही दिसणारा काळा-पांढरा धोबी वेगळा. तो आपल्याच गावचा रहिवासी. हा करडा धोबी मात्र परगावचा. उन्हाळाभर तो हिमालयातल्या ओढ्यांच्या काठी, किंवा त्याच्याही पलीकडे उत्तरेला होता. तिथे त्याने पिले वाढवली, पिले उडती झाली आणि थंडीची चाहूल लागताच तो निघाला. आता फाल्गुन-चैत्रापर्यंत त्याचा मुक्काम तुमच्याकडे. पाखरांच्या पायांत कड्या घालून माणसांनी पडताळून पाहिले आहे की, दरसाल असा दूरचा प्रवास करून येणारी कितीतरी पाखरे पुन्हा त्याच गावी, त्याच ओढ्यावर, कधीकधी त्याच अंगणात उतरतात. तेव्हा यंदा तुमच्या विहिरीवर आलेला धोबी गेल्या साली आलेलाच असण्याचा बराच संभव आहे. घरातल्या पोरांना हे सांगून पाहा.

वाचकहो, आजचा विषय पाखरांचा आहे हे पाहून पान उलटू नका. भाताचे भाव, वालाचे बियाणे, गाईचे आजार हे विषय आपल्या नित्याचे आहेतच. पण शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत राहणाऱ्या माणसाला आश्विन-कार्तिकात जे फुकट पाहायला मिळते, त्यासाठी मुंबईची माणसे पहाटे तीनला उठून, गाडीत तेल घालून येतात. आसनगाव-आटगावच्या बाजूला, तानशाच्या जंगलात, बारवीच्या कडेला, माळशेजच्या रस्त्यावर गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसे तुम्ही पाहिली असतील आणि मनात म्हणालाही असाल की, यांना कामधंदा नाही की काय! त्यांना कामधंदा आहे, म्हणूनच ती रविवारी येतात. तुम्हाला मात्र रोजचीच सोय आहे.

आपला मुलूखच तसा आहे. पाठीशी सह्याद्रीची भिंत, पायथ्याला साग-ऐनाचे जंगल, मधे वरकस जमिनीचे माळ, खाली भाताची खाचरे आणि जागोजाग पाणी. तानशाचे धरण १८९२ सालचे. वैतरणा आणि भातसा त्यानंतरची. पाणी मुंबईला जाते, ही आपली जुनी रड आहे आणि ती खोटी नाही. पाखरांच्या बाबतीत मात्र वाटणी आपल्या बाजूची झाली. पाण्याच्या कडेचा चिखल, ओली खाचरे, गवत, झाडी हे सगळे एका हाकेच्या अंतरात असल्यामुळे उत्तरेकडून येणाऱ्या निरनिराळ्या जातींना हवे ते इथे मिळते.

ही पाखरे येतात का? थंडी सोसवत नाही म्हणून, असे आपण सरसकट म्हणतो, पण ते अर्धेच खरे. पिसांचे पांघरूण चांगले असेल तर पाखरू बरीच थंडी सोसते. खरी अडचण पोटाची. उत्तरेकडे बर्फ पडू लागले की किडे नाहीसे होतात, तळी गोठतात, गवताचे बी बर्फाखाली जाते. दिवस लहान होऊ लागला की पाखराच्या अंगात बदल सुरू होतो. ते खाखा सुटल्यासारखे खाते, अंगावर चरबी चढवते; काही जातींचे वजन तर निघण्यापूर्वी दुपटीला येऊन ठेपते. हीच त्यांची शिदोरी. लहान पाखरे बहुतेक रात्रीची उडतात. दिवसा सूर्य, रात्री तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधाराने ती दिशा धरतात. एखाद्या शांत रात्री तुम्ही खळ्यावर राखणीला झोपलेले असता तेव्हा तुमच्या डोक्यावरून किती जीव जात असतील याची कल्पना करा.

एक सकाळ काढा

ऑक्टोबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास वर येतो. त्याच्या पाव तास आधी घराबाहेर पडावे. दूध काढायचे असते, चूल पेटवायची असते, हे माहीत आहे. ती कामे उरकून निघालात तरी आठ-साडेआठपर्यंत पाखरे चरण्यात गुंतलेली असतात. ऊन तापले की ती झाडीत शिरतात आणि मग तुम्हाला नुसती पाने दिसतात.

दुर्बीण असेल तर उत्तम, नसली तर अडत नाही. पांढरा सदरा तेवढा नको. मळखाऊ रंगाचे जुने कपडे बरे. आणि एक गोष्ट शहरी माणसाला कधीच जमणार नाही ती तुम्हाला सहज जमते. पाखरे शेतकऱ्याला भीत नाहीत. हातात विळा घेऊन वाकलेल्या माणसापासून दहा पावलांवर बगळा निवांत उभा असतो. तोच बगळा कॅमेरावाला दिसला की उडतो. कापणीला गेलात की मधूनमधून पाठ सरळ करायची असतेच, तेवढ्यात आजूबाजूला पाहून घ्या.

प्रथम विजेच्या तारा पाहा. तारेवर ओळीने बसलेली, काळसर निळ्या पाठीची, शेपटीला दोन लांब टोके असलेली पाखरे म्हणजे माळभिंगऱ्या. खाचरावरून खालून उडत त्या चिलटे-डास तोंडातच धरतात. त्यांच्या पलीकडे एकटाच, डोके मोठे, छाती तांबूस, असा नीळकंठ बसलेला असेल. कोणी त्याला तास म्हणते, कोणी चास. बसलेला असताना तो अगदी साधा वाटतो. उडाला की पंखांतले निळे रंग असे उघडतात की कापणी करणारी बाईसुद्धा क्षणभर विळा थांबवते. दसऱ्याला याचे दर्शन शुभ मानतात, विशेषतः उत्तर हिंदुस्थानात. पावसाळा सरला की हा आपल्या तारांवर येऊन बसू लागतो आणि नाकतोडे, टोळ खाऊन तो हिवाळा काढतो. त्याचा युरोपातला भाऊबंद मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे थोडे दिवस टेकतो आणि पुढे आफ्रिकेला जातो. आपले गाव त्याच्या दृष्टीने नुसता थांबा आहे, एसटी कसाऱ्याला थांबते तसा.

आता नजर खाली आणा. भाताच्या उंच लोंबीवर किंवा बांधावरच्या रानतुळशीच्या शेंड्यावर एक चिमणीएवढे पाखरू बसले असेल. नराचे डोके काळे, छाती नारिंगी, मानेच्या बाजूला पांढरा ठिपका. हा गप्पीदास. दोन गोटे एकमेकांवर आपटावेत तसा त्याचा टक्-टक् आवाज. हिमालय आणि मध्य आशिया ही त्याची उन्हाळ्यातली घरे. इथे तो एक खाचर आपले मानतो आणि दुसऱ्या गप्पीदासाला त्यात येऊ देत नाही. बांधावरून भांडणे फक्त माणसांतच होतात असे नाही!

झाडांत मात्र ऐकायचे काम जास्त. बांधावरच्या करवंदीच्या जाळीतून, आंब्याच्या पानांतून बारीक चक्-चक् असा आवाज येतो आणि पाखरू काही दिसत नाही. हे वटवटे. मातकट, हिरवट रंगाचे, अंगावर एक खूण नाही. मोठमोठे जाणकारसुद्धा यांच्यापुढे हात टेकतात. यांतला झुडपात राहणारा वेळू वटवट्या फिनलंडपासून सैबेरिया-मध्य आशियापर्यंतच्या मुलखात पिले वाढवतो आणि थंडीत हिंदुस्थानात येतो. त्याचे वजन किती असेल? जेमतेम एक तोळा. सोनाराच्या तराजूत त्याच्यासमोर एक तोळ्याचे वजन ठेवले तर काटा मधे राहील. एवढासा जीव डोंगर, वाळवंटे ओलांडून आपल्या करवंदीत येऊन बसतो, आणि आपल्याला त्याचे नावही ठाऊक नसते.

पाझर तलाव जवळ असेल तर तिकडेही चक्कर टाका. काठाच्या चिखलात बूड हलवीत चालणारा तो तुतवार. धरणाच्या उघड्या पाण्यावर कधीकधी मोठ्या घारीएवढा, पोटाने पांढरा पक्षी एका जागी पंख फडफडवीत थांबतो आणि पाय पुढे करून धाडकन पाण्यात पडतो. तो मासे धरणारा कैकर. खाचरांवरून गवताला घासून जाईल इतक्या खालून, पंख उचलून तरंगत जाणारी तपकिरी घारीसारखी पाखरे दिसली तर ते भोवत्ये. ते तिथे उंदीर, बेडूक, टोळ शोधत असतात. भोवत्याला पाहून कोंबड्या ओरडतात खऱ्या, पण त्याचा डोळा सहसा तुमच्या अंगणावर नसतो.

भोरड्यांचे थवे अनेकांनी पाहिले असतील. गुलाबी अंग, काळे डोके, मैनेची जात. पुढे पळस-पांगारा फुलला की त्यावर गर्दी करतात म्हणून पळसमैनाही म्हणतात. घाटावर ज्वारीचे शेत यांनी लुटले की शेतकरी शिव्या घालतो आणि त्याचे चुकत नाही. पण हीच भोरडी उन्हाळ्यात आपल्या मायदेशी टोळांचा फन्ना उडवते. चीनच्या सिंकियांग प्रांतात तर तिने गवताळ कुरणांतले टोळ खावेत म्हणून माणसांनी दगडांचे ढीग रचून तिला घरट्यांची सोय करून दिली आहे. एकच पाखरू एका मुलखात चोर आणि दुसऱ्या मुलखात राखणदार!

येणाऱ्यांची ही गर्दी चाललेली असताना काही पाखरे गुपचूप निघूनही जातात. मृगाच्या सुमारास आफ्रिकेतून आलेला चातक आता परत फिरतो. जंगलात पावसाळ्यात शीळ घालणारा, सात-आठ रंग अंगावर ल्यालेला नवरंग दक्षिणेकडे, सिलोनपर्यंत जातो. आश्विन महिना म्हणजे एसटी स्टँडच झाला म्हणायचा.

चतुर आणि ससाणा

आता जी गोष्ट सांगतो ती नीट वाचा, कारण तिच्यात तुमच्या खाचराचा वाटा आहे.

भाद्रपद-आश्विनात भातावर चतुर उडताना तुम्ही पाहता. चार पारदर्शक पंखांचे, पोरे ज्यांना हेलिकॉप्टर म्हणतात ते. त्यांतली पिवळसर तांबूस रंगाची एक जात पावसाच्या साचलेल्या पाण्यात, डबक्यांत आणि भाताच्या खाचरांत अंडी घालते. पिले पाण्यात वाढतात, डासांच्या अळ्या खातात आणि महिना-दीड महिन्यात पंख फुटून बाहेर पडतात. मालदीव बेटांवर राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की, दरवर्षी ऑक्टोबरपासून या बेटांवर चतुरांचे थवेच्या थवे येतात, आणि तिथे तर त्यांना वाढायला गोडे पाणी जवळजवळ नाही. मग हे येतात कुठून? त्याने वर्षानुवर्षे तारखा नोंदवल्या आणि २००९ साली मांडले की, हे चतुर हिंदुस्थानातून, ईशान्येकडच्या वाऱ्यावर स्वार होऊन, समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जात असले पाहिजेत. बोटभर किडा आणि तो समुद्र ओलांडतो!

त्याच सुमारास त्याच समुद्रावरून एक पाखरू जाते. अमूर ससाणा. आकाराने पारव्याएवढा, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. सैबेरियाचा आग्नेय भाग आणि उत्तर चीन इथे तो पिले वाढवतो आणि हिवाळा काढायला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँड-मणिपूर भागात थांबून वाळवीच्या पंखवाल्या किड्यांवर ताव मारतो. मग हिंदुस्थान आडवा ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतो आणि तिथून अरबी समुद्रावरून, कुठे न टेकता, तीन हजार किलोमीटरच्या आसपास उडत सोमालियाला पोहोचतो. समुद्रावर खातो काय? जाणकारांचे म्हणणे असे की, त्याच वाऱ्यावर चाललेले चतुर ही त्याची वाटेतली भाकरी असावी. यांतला एखादा चतुर धसईच्या नाहीतर किन्हवलीच्या खाचरात जन्मला असेल. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आकाशात उंचावर, टोकदार पंखांची पाखरे गोल फिरत पश्चिमेकडे सरकताना दिसली तर थोडे थांबून पाहा.

या ससाण्याची आणखी एक हकीकत आहे. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नावाचे धरण आहे. तिथे हे ससाणे लाखांनी उतरतात. धरणाकाठच्या गावकऱ्यांनी मासेमारीची जाळी झाडांमधे उभी ताणून त्यांना धरण्याचा सपाटा लावला होता. २०१२ साली त्याची चित्रे जगभर गेली. हजारो पाखरे दोरीला ओवलेली. लोकांना वाटले, आता पोलीस येतील, खटले होतील. काही ठिकाणी समज दिलीही गेली. पण खरे काम गावांनी केले. पांगती आणि शेजारच्या गावांच्या पंचायतींनी, चर्चच्या मंडळींनी, तरुणांनी बसून ठराव केले आणि पुढच्या वर्षी, २०१३ साली, जाळी लागली नाहीत. त्या वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारी यंत्रे बसवली, तेव्हा त्यांना नावे दिली ती ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’. ज्या गावाची बदनामी झाली होती, त्याचे नाव घेऊन एक पाखरू आफ्रिकेला गेले.

तानशाचा रानपिंगळा

प्रवासी पाखरांबरोबर आपल्या घरच्या एका पाखराबद्दल सांगितलेच पाहिजे, कारण तेही याच दिवसांत, ऑक्टोबर २०१४ मध्ये, शहापूर तालुक्यातल्या तानसा अभयारण्यात प्रथम सापडले आणि पाखरांच्या जगात एकच खळबळ उडाली.

पिंगळा आपल्या ओळखीचा आहे. वडाच्या ढोलीत राहणारा, संध्याकाळी चिर्र-चिर्र भांडणारा. रानपिंगळा त्याचा चुलतभाऊ. डिसेंबर १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या इंग्रजाने आजच्या छत्तीसगडात तो पहिल्यांदा मारला आणि ह्यूमने (काँग्रेसच्या स्थापनेत होता तोच ह्यूम) १८७३ साली त्याची नोंद केली. १८८४ नंतर मात्र तो कोणाला सापडेना. मधे एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, मायनर्ट्‌झहागन त्याचे नाव, आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीला रानपिंगळा मारला असे सांगितले होते. लोक मांडवीला जाऊन शोधत राहिले आणि हात हलवीत परत आले. पुढे उघड झाले की, या गृहस्थाने लंडनच्या संग्रहालयातला जुना नमुना चोरून, त्यात थोडा फेरफार करून, त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावली होती! अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, मांडवीचा नाद सोडला आणि जुन्या खऱ्या नोंदी होत्या तिथे, खानदेशात शहाद्याजवळ त्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

त्यानंतर तो मेळघाट, तोरणमाळ, खांडवा अशा सातपुड्याच्या जंगलांत आढळला. पण कोकणाच्या बाजूला, मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत, आपल्या तानशात तो असेल असे कोणाच्या मनातही नव्हते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे, आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. शिवाय तो दिवसाढवळ्या सागाच्या वठलेल्या फांदीवर उघडा बसतो. पाली-सरडे, उंदीर, नाकतोडे हे त्याचे खाणे. सगळ्या जगात तो फक्त मध्य हिंदुस्थानच्या थोड्या जंगलांत आहे.

तो दिवसा उघडा बसतो, हीच त्याच्या जिवावरची गोष्ट. गलोलीच्या माऱ्यात तो सगळ्यांत आधी येतो. आणि घुबडाच्या जातीला आपण अशुभ म्हणून ठेवले आहे. दिवाळीच्या सुमारास मंत्रतंत्रासाठी घुबडांना गिऱ्हाईक येते, हे उघड गुपित आहे. पहाटे दारी येणाऱ्या पिंगळ्याला आपण सूपभर दाणे घालतो आणि झाडावरच्या पिंगळ्याला धोंडा मारतो, याला काय म्हणावे?

आता स्पष्ट बोलू. पाखरांची बाजू घेणारे पुष्कळजण शेतकऱ्याच्या नुकसानीबद्दल बोलत नाहीत. सुगरणी आणि मुनियांचे थवे पिकलेल्या भातात उतरले की कडेची लोंबी रिकामी होते, हे मी नाकारत नाही. डबा वाजवा, बुजगावणे उभारा, चमकती फीत ताणा. मात्र ते बारीक नायलॉनचे जाळे ताणू नका. त्यात मुनिया अडकतात आणि त्यांच्याबरोबर पिंगळा, गव्हाणी घुबड, भारद्वाज, जे जे उंदीर-किडे खायला आले ते सगळे अडकते आणि उलटे लटकून मरते. खोडकिडा, नाकतोडे, लष्करी अळी यांना खाणारी पाखरेच तुम्ही काढून टाकलीत तर औषधाच्या दुकानाचे बिल वाढते. कृषी खात्याची माणसे शेतात काठ्या रोवून पक्षी थांबे करायला सांगतात ते याचसाठी. कोतवाल आणि नीळकंठाला बसायला जागा मिळाली की ते पगार न घेता काम करतात.

उंदरांसाठी विषारी आमिष घालायचे झाले तर ते बिळात आत घालून तोंड लिंपावे, बांधावर उघडे टाकू नये. मेलेले उंदीर दिसले की पुरावेत. तसाच एक विचार राबाच्या वेळी करता येईल. राबासाठी ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या उतरवताना जे झाड पोकळ झालेले आहे, ज्याला ढोली आहे, ते एखादे तसेच सोडावे. ते लाकडाला कामाचे नाही, सरपणाला दोन दिवस पुरेल. ढोलीत मात्र पिंगळ्याच्या पिढ्या निघतात.

आणि गलोल. वाडी-पाड्यावरच्या पोराच्या गळ्यात गलोल असते. त्याच्या बापाच्या आणि आजाच्याही होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पाखरे मारणे गुन्हा आहे, हे खरे. पण ज्या घरात संध्याकाळची भाजी नाही, त्या घरातल्या पोराला कायद्याचे कलम वाचून दाखवण्यात फारसे शहाणपण नाही. दोष द्यायचाच तर घरी सगळे असताना नुसत्या नेमबाजीच्या हौसेने तोळाभर वजनाचे पाखरू पाडणाऱ्याला द्यावा. या पोरांची नजर कोणत्याही दुर्बिणीपेक्षा तेज असते. कुठल्या झाडावर कोण बसते, हे त्यांना पाठ असते. शहरातून पाखरे पाहायला येणाऱ्यांना वाट दाखवणारा माणूस लागतो आणि ते त्याचे पैसे देतात. गावातल्या दोन-चार पोरांनी हे काम हाती घेतले तर गलोल आपोआप खुंटीला लागेल. त्या पाहुण्यांनाही एक गोष्ट बजावून सांगायला हरकत नाही: मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवून त्याला बाहेर काढायचे नाही. आपल्या हद्दीत दुसरा आला असे समजून तो बिचारा खाणे-पिणे सोडून शोधत बसतो, आणि घरट्यातली पिले उपाशी राहतात. गाव आपले आहे. पाहुण्याला चार शब्द सांगण्याचा हक्क आपला आहे.

२०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर ही मारुती चितमपल्लींची जन्मतारीख, १२ नोव्हेंबर सलीम अलींची. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. वनखात्याच्या नोकरीत असताना त्यांनी पारधी, गोंड, रानातली म्हातारी माणसे यांच्याकडून पाखरांची नावे गोळा केली आणि ‘पक्षीकोश’ तयार केला. आपल्याकडच्या ठाकरांची, कातकऱ्यांची, महादेव कोळ्यांची स्वतःची नावे आहेत, आणि ती जाणणारी माणसे दरसाल कमी होत आहेत. तेव्हा त्या आठवड्यात शाळेतल्या पोरांना एक शंभर पानी वही द्या. अंगणात धोबी पहिल्यांदा दिसला ती तारीख, तारेवर नीळकंठ आला ती तारीख, भोरड्यांचा पहिला थवा, आणि प्रत्येक पाखराला आजी काय म्हणते ते नाव. फाल्गुन-चैत्रात धोबी दिसेनासा झाला की तीही तारीख लिहायची. चार-पाच वर्षे वही चालली तर तिच्यात असे काही जमा होईल, जे मुंबईच्या कोणत्याही कपाटात नाही.

आणि कधी एखादे मेलेले किंवा जखमी पाखरू हाती लागले आणि त्याच्या पायात धातूची बारीक कडी दिसली तर ती फेकून देऊ नका. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था अशा कड्या घालते. कडीवर संस्थेचे नाव आणि एक आकडा असतो. परदेशातल्या संस्थांच्याही कड्या सापडतात. पाखरू जिवंत असेल तर कडी काढायची नाही; आकडा आणि अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यायची आणि पाखराला सोडून द्यायचे. मेलेले असेल तर कडी काढून कागदाला चिकटवायची. पाखरू कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, कशा स्थितीत सापडले ते लिहायचे आणि पाकीट हॉर्नबिल हाऊस, शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई या पत्त्यावर टाकायचे.